मेलेल्या पाखराची नोंद कुणाच्या वहीत? संकटग्रस्त वन्यजीव, बीजप्रक्रिया, फवारणी आणि कायदा

माळरान (अंबाजोगाई)

नमस्कार मंडळी. यंदा हरभऱ्याची पेरणी झाली आणि आमच्या शिवारात मोर मेलेले सापडले. सोबत होले होते, तितर होते. वनरक्षक आले, पंचनामा झाला, खड्डा करून सगळं पुरलं. कारणाच्या रकान्यात "विषबाधेचा संशय" एवढंच लिहिलं गेलं. पोटातलं काही तपासायला घेतलं नाही, आणि शेजारच्या वावरात कोणतं बी पेरलं, त्याला पेरणीआधी कोणतं औषध चोळलं होतं, म्हणजे बीजप्रक्रिया कशाची केली होती, हेही कुणी विचारलं नाही.

मला कोणत्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवायचं नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. औषधाला परवानगी देतं कृषी खातं, पाखरू सांभाळतं वन खातं, आणि औषधानं मेलेलं पाखरू दोघांच्याही वहीत जात नाही. मग उद्या कुणी म्हणालं की "हे औषध वन्यजीवांना घातक असल्याचा आपल्याकडे पुरावा नाही", तर त्याला दाखवायचं काय? पुरावा आपणच खड्ड्यात पुरलेला असतो.

कायदा, पशुवैद्यक, शेती, पक्षी यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोरडवाहू (जिंतूर)

दादा, मोर मेला की दुसऱ्या दिवशी माणूस हजर. माझी तूर रोह्यांनी (नीलगायींनी) तुडवली तवा पंचनाम्याला माणूस येईस्तोवर तूर काढून झाली होती. डुकरं एका रातीत अर्धा एकर उकरतेत. थंडीत आमी बॅटरी घेऊन माळ्यावर जागायलो, बायका-लेकरं दिवसा राखण करायलेत.

आन् घाटे अळी काय भाषणानं जाते का? औषध मारलं नाही तर घाटे पोकळ. दुकानातून जे देतेत ते मारायलो. त्याच्यावर मोराला चालतं का नाही हे कुठं लिहिलंय ते तरी सांगा. मोर मरावं असं कुणालाच वाटत नाही, पण सगळं कामून आमच्याच डोक्यावर?

माळरान

भाऊ, तुमचं खरं आहे. नुकसानभरपाईचा विषय इथून वगळायचा नाही, कारण विष कालवण्याचं मूळ बऱ्याचदा तिथंच असतं. "कुठं लिहिलंय" याचं उत्तर दुकानवाले कुणी असतील तर द्यावं.

काउंटरमागून (जालना)

माझं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून लिहितो.

प्रत्येक डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हा रंग ठरतो सस्तन प्राण्यावरच्या चाचणीतून, म्हणजे फवारणाऱ्या माणसाला धोका किती यावरून. पक्ष्याला किंवा मधमाशीला किती धोका, हे त्या रंगावरून कळत नाही. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकावर लाल त्रिकोण नसतो, तरी ते मधमाशीला अत्यंत घातक आहे. मधमाश्या, मासे, पक्षी यांची सूचना असते ती आतल्या घडीच्या कागदावर, मुंगीच्या अक्षरात. तो कागद गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरच टाकून जातं.

दुसरी अडचण मिश्रणाची. शिफारस एका औषधाची असते, पण मजुरी वाचावी म्हणून पंपात अळीचं, माव्याचं, बुरशीचं आणि वरून टॉनिक असं सगळं एकत्र जातं. नोंदणीच्या वेळी औषध एकेकटं तपासलेलं असतं, नाहीतर कंपनीनं ठरवून केलेलं मिश्रण तपासलेलं असतं. शेतात होणारी ही खिचडी कुणी तपासलेली नसते. २०१७ साली यवतमाळला फवारणी करणारी माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली, तेव्हा हा प्रकार सगळ्या महाराष्ट्राला कळला. माणसांची मोजणी झाली म्हणून चौकशी तरी झाली.

आमच्यातलेही काही जण चिठ्ठीशिवाय, पिकाचं नाव न विचारता माल देतात. ते थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गोठा आणि जंगल (उदगीर)

मी पशुवैद्यक आहे. मोरांच्या बाबतीत काय करता आलं असतं ते लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी उपयोग होईल.

सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट गटातली औषधं (मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, फोरेट, कार्बोफ्युरान वगैरे) मज्जातंतूंमधलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. पक्ष्याच्या तोंडाला लाळ किंवा फेस येतो, पंख गळतात, पायाची बोटं आवळली जातात, धाप लागते. मरण इतक्या लवकर येतं की अन्ननलिकेच्या पिशवीत दाणे तसेच भरलेले सापडतात. ते दाणे हाच सगळ्यात मोठा पुरावा. बियाण्याचा लाल-गुलाबी रंग दिसला तर अर्धी गोष्ट तिथंच कळते.

म्हणून मेलेला पक्षी सापडला की:

हातमोजे नसतील तर हात लावू नका. आधी जागेचे फोटो काढा, आजूबाजूला सांडलेले दाणे, रिकामे पुडे, पाण्याचं डबकं हेही फोटोत येऊ द्या. वनरक्षकांना कळवा आणि शवविच्छेदनाचा आग्रह धरा. पिशवीतले दाणे, पेषणी (पोटातला दाणे दळणारा भाग), यकृत वेगवेगळ्या बरणीत घेऊन सील करायचे असतात. न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवायचं तर संपृक्त मिठाच्या पाण्यात ठेवण्याची पद्धत आहे. मेंदूतल्या कोलिनेस्टरेजची पातळी तपासायची असेल तर तो मात्र बर्फात किंवा फ्रीजरमध्ये लगेच गेला पाहिजे. ऊन लागलं की सगळं वाया जातं. आपल्याकडे परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. म्हणजे सोय दूर नाही. नमुना वेळेत आणि नीट पोचवणारा माणूस लागतो.

आणि मेलेलं पाखरू कुत्र्याला टाकू नका. उंदरांच्या औषधातलं ब्रोमॅडिओलोन यकृतात साठून राहतं. तो उंदीर खाणारं घुबड नंतर रक्तस्रावानं मरतं. शेतातले उंदीर फुकटात संपवणारं गव्हाणी घुबड आपण असं घालवतो.

सत्यशोध (छत्रपती संभाजीनगर)

एक शंका. धागा संकटग्रस्त वन्यजीवांवर आहे ना? मोर काही नामशेष व्हायला टेकलेला नाही. गावागावात आहे.

भोरड्या (धाराशिव)

शंका रास्त आहे. मोर संख्येनं धोक्यात नाही, पण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोर मोठा आहे, रंगीत आहे, म्हणून मेलेला दिसतो. त्याच वावरात तेच दाणे आणि तेच किडे खाणारे लहान किंवा दुर्मीळ पक्षी मेले तर बाभळीखाली पडून राहतात, मुंग्या आणि कोल्हे दोन दिवसांत सगळं साफ करतात.

आमच्या माळावर हिवाळ्यात भोवत्ये येतात, ज्यांना पक्षीनिरीक्षक हॅरियर म्हणतात. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारे हे शिकारी पक्षी इथं मुख्यतः नाकतोड्यांवर जगतात. नाकतोडा म्हणजे फवारणीचं थेट लक्ष्य. मेलेला नाकतोडा उडत नाही, सहज सापडतो, म्हणून पक्षी तोच जास्त खातो.

हे नुसतं अनुमान नाही. अमेरिकेतला स्वेन्सन्स हॉक नावाचा ससाणा हिवाळ्यात अर्जेंटिनाला जातो. तिथं लसूणघास आणि सूर्यफुलाच्या शेतात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं जायचं. पाठीवर ट्रान्समीटर बसवलेल्या ससाण्यांच्या मागावर गेलेल्या संशोधकांना १९९५-९६ च्या हंगामात ५,००० हून जास्त मेलेले पक्षी मोजता आले. एकूण आकडा २०,००० पर्यंत असावा असा अंदाज होता. मोजलेले मृतदेह हातात होते म्हणून उत्पादकांना आणि सरकारला हालचाल करावी लागली, त्या भागातून औषध मागे घेतलं गेलं आणि पुढच्या हंगामात मेलेले पक्षी अगदी थोडे सापडले.

तेच मोनोक्रोटोफॉस आपल्या कपाशीवर त्यानंतरही जवळजवळ तीन दशकं पडत होतं. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणातून ते पोटात जाऊन २३ मुलं गेली. ३६ टक्के द्रावणाच्या बंदीचा आदेश निघाला २०२३ साली, तोही आधीचा साठा संपवायला एक वर्षाची मुदत देऊन.

शेजारच्या सोलापूरचं नान्नज १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक आमच्या जिल्ह्याच्या हद्दीतही चरायला यायचा असं जुनी माणसं सांगतात. आता तिथंही तो क्वचित दिसतो. गवताळ माळ नांगरले गेले आणि विजेच्या तारा आल्या, ही त्याच्या ऱ्हासाची मोठी कारणं. पण मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते आणि पिल्लू किड्यांवर वाढतं. पिल्लाच्या त्या काही आठवड्यांत भोवतालच्या पिकातले नाकतोडे आणि भुंगे संपले, तर ते पिल्लू विषानं नाही, उपासानं मरेल. शवविच्छेदनात तेही दिसणार नाही.

काउंटरमागून

बीजप्रक्रियेतल्या औषधाबद्दलही लिहा ना. कपाशीचं बीटी बियाणं तर पाकिटातच इमिडाक्लोप्रिड लावून येतं.

भोरड्या

हो. कॅनडात काही संशोधकांनी स्थलांतराच्या वाटेवर थांबलेल्या चिमण्यांना अगदी थोड्या मात्रेत इमिडाक्लोप्रिड दिलं. चिमण्या मेल्या नाहीत. पण सहा तासांत त्यांचं वजन सुमारे ६ टक्क्यांनी घटलं आणि त्या पुढच्या प्रवासाला सरासरी साडेतीन दिवस उशिरा निघाल्या. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. उशीर झाला की घरट्याची जागा जाते, जोडीदार जातो. युरोपीय संघानं त्याआधीच, २०१८ मध्ये, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात वापरायला बंदी घातली. तिथं मुख्य कारण मधमाश्या होत्या.

कांदा बीजोत्पादन करणारे जालन्याचे लोक इथं असतील. फुलोऱ्यात मधमाशी नसली की बी भरत नाही, म्हणून पेट्या भाड्यानं आणाव्या लागतात. ज्या रानात आग्या मोहोळाची माशी आपसूक यायची, तिथं आता पेटीचे पैसे मोजायचे.

ताईचं वावर (हिंगोली)

मी शेती करते आणि पेरणीला मजूर बायकांसोबत असते. एक साधी गोष्ट सांगते, कुणी सांगत नाही म्हणून. ट्रॅक्टर धुऱ्यावर वळताना तिफणीतून बी वर सांडतं. रंगवलेलं असतं, लांबून दिसतं, आणि पाखरं तिथंच उतरतात. माती ओढून ते झाकायला एका बाईला थोडाच वेळ लागतो. उरलेलं बी पोत्यात तसंच गोठ्यात पडतं, मग कोंबड्या खातात. आम्ही ते खोल खड्ड्यात पुरतो. बी कालवायचं घमेलं ओढ्यावर धुवायचं नाही.

आणि हरभऱ्याला दर वेळी कीटकनाशक चोळायची गरज नसते. मर रोगासाठी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, वरून रायझोबियम हे नत्र देणारे जिवाणू लावले की भागतं. परभणीच्या विद्यापीठाचीच शिफारस आहे. त्यानं मोर मरत नाही.

निवृत्त कृषी सहायक (लातूर)

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. त्याला जोडून सांगतो. किडीची "आर्थिक नुकसान पातळी", म्हणजे किती कीड झाली की फवारणी परवडते, हा शब्द आम्ही प्रत्येक शेतीशाळेत सांगत आलो. हरभऱ्यात एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या तर फवारा. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध (मादीच्या वासानं पतंग ओढणाऱ्या) सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तर फवारा. त्याच्या आत ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो. पण प्रत्यक्षात शेजाऱ्यानं फवारलं की आपणही फवारायचं, असं चालतं.

हरभऱ्यात पक्षीथांबे लावायला सांगतात, किंवा पेरताना अधूनमधून ज्वारी टाकायला सांगतात. त्यावर कोतवाल, वेडा राघू, मैना बसतात आणि घाटे अळ्या वेचतात. आता विचार करा, थांबे लावले आणि चौथ्या दिवशी जहाल औषध मारलं, तर आपणच बोलावलेल्या पाखराला आपण विषारी अळी खायला घातली. दोन्ही शिफारशी एकाच पत्रकात असतात, आणि त्यांच्यात अंतर किती ठेवायचं हे फार थोडे जण सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: थांबे लावलेल्या रानात आधी निंबोळी आणि एचएएनपीव्ही (घाटे अळीला मारणारा विषाणू), आणि पातळी ओलांडली तरच निवडक रासायनिक औषध, तेही एकच.

बार रूम (नांदेड)

वकिली करतो. मूळ प्रश्न कायद्याचा होता, त्यावर येतो.

कीटकनाशक कायदा १९६८ चा. त्याचा हेतूच "मनुष्य किंवा प्राणी यांना होणारा धोका टाळणे" असा लिहिलेला आहे. कलम ३ मध्ये "प्राणी" म्हणजे माणसाला उपयोगी प्राणी, त्यात मासे आणि कोंबडीवर्गीय पक्षी आले. आणि पुढे असंही आहे की जे वन्यजीव राखणं इष्ट आहे असं केंद्र सरकारला वाटेल, ते अधिसूचना काढून या व्याख्येत आणता येतात. दार कायद्यातच आहे.

कलम २६ नुसार राज्य सरकार अधिसूचनेनं ठराविक लोकांवर विषबाधेच्या घटना कळवण्याची सक्ती करू शकतं. कलम २७ नुसार असा अहवाल आल्यावर, किंवा अन्यथाही, माणसांना वा प्राण्यांना धोका दिसला तर राज्य स्वतः त्या औषधाची विक्री आणि वापर ६० दिवसांपर्यंत थांबवू शकतं, आणखी ३० दिवस वाढवू शकतं. कायमची बंदी केंद्राच्या हातात. पण ६० दिवसांत हरभऱ्याचा फुलोरा ते घाटे हा सगळा काळ बसतो. म्हणून नोंदीचं महत्त्व. २६ चा कागद नसेल तर २७ चा हात उचलायला आधार कमी पडतो.

आता वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. "शिकार" या शब्दाच्या व्याख्येत विष घालणं आणि तसा प्रयत्न करणं, दोन्ही येतं. डुकरासाठी पिठात फोरेट कालवून ठेवलं आणि लांडगा किंवा मोर मेला, तर "माझा नेम डुकरावर होता" हा बचाव चालायचा नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला किमान तीन वर्षं शिक्षा आहे. शिफारशीप्रमाणे बी चोळून मातीआड पेरणं हा मात्र गुन्हा नाही. जिंतूरच्या भाऊंनी घाबरून मेलेलं पाखरू लपवायचं कारण नाही. लपवलं तरच अडचण होईल. शिवाय कलम ३२ आहे: अभयारण्यात वन्यजीवांना इजा होईल असं रसायन वापरायला मनाई. नायगावचं मयूर अभयारण्य, पैठणचा नाथसागर, येडशी रामलिंग इथं हे कलम लागू आहे.

बंद्यांचं सांगायचं तर फोरेट आणि ट्रायझोफॉस ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद. २०२३ च्या आदेशात कार्बोफ्युरानची बाकी रूपं गेली, पण ३ टक्के दाणेदार राहिलं. लहान पक्षी मारायला याचा एक दाणा पुरतो म्हणून अमेरिकेनं दाणेदार कार्बोफ्युरान १९९० च्या दशकातच जवळजवळ संपवलं होतं. पक्ष्याच्या दृष्टीनं आपण नेमकं तेच रूप ठेवलं.

सत्यशोध

माझी शंका फिटली. पण एक विचारतो, मेलेल्या जनावरांच्या नोंदीवरून आपल्या देशात खरंच कधी औषध बंद झालंय का?

गोठा आणि जंगल

झालंय. कीटकनाशक नव्हतं, जनावरांचं दुखणं कमी करणारं डायक्लोफेनॅक होतं. १९९० च्या दशकात गिधाडं मरू लागली, आधी रोग समजले. पाकिस्तानातल्या मृत गिधाडांची मूत्रपिंडं तपासल्यावर २००४ साली कारण जाहीर झालं, आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत होत्या, म्हणून २०१५ ला बाटली ३ मिलीची करावी लागली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसेक्लोफेनॅकवर बंदी आली. या सगळ्याची सुरुवात कुणीतरी मृत पक्षी उघडून तपासल्यामुळे झाली. आपल्या कड्यांवर अजून घरटी करणारं पांढरं गिधाडही जागतिक यादीत संकटग्रस्त आहे.

कोरडवाहू

वकीलसाहेब, डॉक्टरसाहेब, येवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मनातली भीती हीच होती की पाखराचं कळवलं तर माझ्यावरच केस. आता एक विचारतो. आमच्या गावात डुकरासाठी पीठ ठेवणारे हायेत. त्यांला मी काय सांगू? भरपाई उशिरा येते हे खरंच हाये.

बार रूम

भाऊ, दोन गोष्टी सांगा. एक, ते पीठ शेजाऱ्याचं कुत्रं खाईल, बैल खाईल, त्याच पाण्यावर लेकरं जातात. दोन, पिकाच्या नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत लेखी द्या, पोच घ्या, फोटोत सातबाऱ्याचा गट नंबर दिसेल अशी खूण ठेवा. चार-पाच जणांनी मिळून ग्रामसभेत ठराव घेतला तर अर्ज दाबून ठेवणं अवघड जातं. नाव न सांगता वनखात्याला १९२६ वर विषाच्या आमिषाची माहितीही देता येते.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही गावातले काही जण बसलो आणि माहिती अधिकारात दोन अर्ज तयार केले. मसुदा इथं टाकतो, चुका दाखवा.

केंद्रीय कृषी मंत्रालयाला: कीटकनाशक कायदा १९६८, कलम ३ मधील "प्राणी" या व्याख्येखाली आजवर कोणते वन्यजीव अधिसूचित केले आहेत, अधिसूचनांच्या प्रती द्याव्यात.

राज्याच्या कृषी आयुक्तालयाला: कलम २६ खाली विषबाधा कळवण्याची सक्ती कोणकोणत्या पदांवर आहे, त्यात वनरक्षक, वनपाल आणि पशुधन विकास अधिकारी आहेत का, गेल्या पाच वर्षांत मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांतून वन्य पशुपक्ष्यांच्या विषबाधेचे किती अहवाल आले.

बार रूम

दुसऱ्या अर्जात "अहवाल नसल्यास तसे लेखी कळवावे" हे वाक्य घाला. शून्य हा आकडासुद्धा सहीशिक्क्यानिशी हातात हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून राज्याचा अर्ज पाठवा. केंद्राचा ऑनलाइन भरता येतो.

गोठा आणि जंगल

वनपरिक्षेत्र कार्यालयाला एक पत्र मीही देतोय: प्रत्येक बीटवर (वनरक्षकाच्या हद्दीत) सील करायच्या बरण्या, हातमोजे, मीठ आणि बर्फाची पेटी ठेवावी. अंबाजोगाई परिसरात नमुना घ्यायची वेळ आली तर मला इथं निरोप टाका. उदगीरहून येईन.